पात्र आणि अपात्र
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आधुनिक साहित्यातील सामान्य माणूस’ असा भलामोठा विषय दिला आणि वेळ दिला अर्धा तास. त्यामुळे मी त्यातला एकच धागा धरणार आहे. सामान्य माणूस शोकांतिकेचा नायक होऊ शकतो का, आणि होत असेल तर कशाच्या बळावर? विषय पुस्तकी वाटेल. पण तो फिरून आपल्या धाडच्या वेशीपर्यंत येतो, तेवढा धीर धरा. जन्मभर मराठी शिकवत आलेल्या माणसाला बोलावलंत, तर थोडा तास होणारच.

मराठीत ‘पात्र’ हा एक नामी शब्द आहे. देवघरात पाण्याचं पात्र असतं. नदीला पात्र असतं. नाटकात आणि कादंबरीत पात्रं असतात. आणि सरकारी कचेरीत जी यादी लागते, तिच्यात माणसं ‘पात्र’ असतात नाहीतर ‘अपात्र’ असतात. चारही ठिकाणी शब्द एकच. ज्यात काही मावतं, ते पात्र. भांड्यात पाणी मावतं, नदीत पूर मावतो, माणसात गोष्ट मावते. मात्र कोणात किती मावतं, याचे नियम माणसांनी फार आधीपासून करून ठेवले. त्यातला एक नियम असा, की मोठं दुःख लहान माणसात मावत नाही.

हा नियम कोणी एकानं केलेला नाही. ग्रीसच्या अॅरिस्टॉटलनं ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ‘काव्यशास्त्र’ लिहिलं. त्यात तो सांगतो, की शोकांतिकेचा नायक नावलौकिकाचा, वैभवातला, मोठ्या घराण्यातला असावा. उदाहरण देतो ईडिपस राजाचं. नायक अगदी पुण्यवान नको आणि अगदी दुष्टही नको. त्याच्या हातून एखादी चूक घडावी आणि त्या चुकीनं तो वरून खाली यावा. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात ‘नाटक’ या प्रकाराचा नायक प्रख्यात वंशातला, राजघराण्यातला सांगितला आहे. संस्कृतात शोकान्त नाटक फार विरळा. भासाचं ‘ऊरुभंग’ हे त्यातलं नेहमी सांगितलं जाणारं. त्यातही मांडी मोडून पडलेला आहे तो दुर्योधन, म्हणजे राजाच.

या नियमामागे एक हिशेब होता. माडीवरून पडलेल्याला लागतं, ओट्यावरून पडलेल्याला काय लागणार? राजा पडला तर राज्य हादरतं. कुणबी पडला तर फार तर त्याचं घर हादरतं. प्रेक्षकाच्या काळजाला धक्का बसायचा असेल तर उंची पाहिजे, असं हे गणित. त्यामुळे शतकानुशतकं सामान्य माणूस नाटकात आला तो नोकर म्हणून, नाहीतर हसवायला. भालदार, चोपदार, विदूषक. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ज्यांच्या वाट्याला कायम चोपदार आला, ते आज इथं बसलेले आहेत आणि मला काय म्हणायचंय ते त्यांना लगेच कळलं असेल.

हा हिशेब मोडायला सुरुवात कुठं झाली? युरोप-अमेरिकेकडे जाण्याआधी जरा घरात बघू. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. त्याच्या मध्यभागी एक कुणबी आणि त्याची गरोदर बायको आहे. जोशी येऊन ग्रहदशेची भीती घालतो, दोघं आधीच गरीब, त्यात कर्ज काढून खर्च करून बसतात. विदूषक आहे, पण तो या जोडप्याला हसत नाही. तो फसवणाऱ्याचं बिंग फोडतो. आणि शेवटी ते दोघं कुठं जायला निघतात? रात्रीच्या शाळेत. ही शोकांतिका नव्हे. पण गोष्टीच्या मध्यावर बसायचा मान कुणब्याला मिळाला, तो इथं. पुढं १८८३ साली फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि शेतकऱ्याचं दुःख दैवाचं नसून व्यवस्थेचं आहे, असा उघड हिशेब मांडला.

दुसरं उदाहरण तर आपल्या जिल्ह्याचं. १८८१ साली सुरतच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढं ती कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर टीकेचा पाऊस पडला. इकडे बुलडाण्यात ताराबाई शिंदे नावाची एक बाई ते सगळं वाचत होती. तिनं १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा ग्रंथ छापला. ताराबाईंनी त्या विधवेच्या अपराधावर पांघरूण घातलं नाही. विधवेला लग्न करू द्यायचं नाही, तिला चुकवणारा पुरुष मात्र मोकळा सुटणार, आणि दोष सगळा तिच्या पदरात, हा कुठला न्याय, एवढंच त्या विचारत राहिल्या. त्या काळच्या कथा-नाटकांत बाई कशी रंगवतात, त्यावरही त्यांनी फटके मारले. फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’मध्ये त्यांची पाठराखण केली. नंतर मात्र पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

हे मी का सांगतो? ‘स्त्री-पुरुष तुलना’ ही कादंबरी नाही, नाटक नाही. पण शोकांतिका जे काम करते, ते या पुस्तकानं केलं. बातमीतल्या एका अनोळखी बाईची पडझड उचलली आणि ती आपल्या सर्वांपुढं प्रश्न म्हणून ठेवली. आपल्यापासून एवढ्याशा अंतरावर, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, बुलडाण्यात बसून एका बाईनं हे केलं. आपल्या शाळेतल्या मुलींना तिचं नाव ठाऊक असायला हवं.

आता साहेबाच्या मुलखात जाऊ. १९४९ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कला आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ रंगमंचावर आलं. नायक आहे विली लोमन. वय साठीच्या पुढं. बॅगा घेऊन गावोगाव माल खपवत हिंडणारा फिरता विक्रेता. ज्या कंपनीसाठी आयुष्य घातलं, तिनं त्याला पगारावरून काढून कमिशनवर टाकलेलं. पुढं तेही जातं. घराचे हप्ते, फ्रीजचा हप्ता, विम्याचा हप्ता. आपल्याला लोक ओळखतात, आपण लोकप्रिय आहोत, म्हणजे आपण यशस्वी, अशी त्याची समजूत आणि तीच त्यानं मुलांनाही पाजलेली. शेवटी त्याच्या मनात एक भयंकर हिशेब बसतो, की जिवंत विलीपेक्षा विम्याची रक्कम घराला जास्त उपयोगाची आहे.

लोकांनी विचारलं, हा कसला नायक? मिलरनं त्याच महिन्यात एक लेख लिहून उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की राजाइतकाच सामान्य माणूसही शोकांतिकेला योग्य आहे. घराणं मोठं असणं ही खरी अट नाहीच. आपला मान, जगातली आपली जागा, ही राखण्यासाठी जो सर्वस्व पणाला लावतो, तो शोकात्म. माझ्या समजुतीप्रमाणे मिलरनं उंची मोजायची पट्टीच बदलली. माणूस कुठून पडला, ते मोजू नका. तो काय धरून होता, ते मोजा.

इथं एक फरक स्पष्ट केला पाहिजे. वर्गात मुलं नेहमी विचारायची, सर, मग सगळीच दुःखी माणसं नायक का? रस्त्यावर अपघात झाला, माणूस गेला, हेही दुःखच. हो, पण ते पाहून आपल्याला येते ती कणव. शोकांतिकेत कणवेसोबत आणखी दोन गोष्टी लागतात. पहिली, त्या माणसानं काहीतरी घट्ट धरलेलं असतं आणि ते सोडून सुखी होण्याची वाट त्याला उघडी असते. तो ती घेत नाही. दुसरी, त्याच्या पडण्यातून एक प्रश्न उठतो आणि तो बघणाऱ्याच्या अंगाला चिकटतो. कणव आली की आपण हळहळतो आणि जेवायला बसतो. शोकांतिकेनंतर घास अडकतो, कारण त्या गोष्टीत कुठंतरी आपणही असतो.

या दोन खुणा घेऊन मराठीत या. सगळ्यात आधी तुमच्या ओठावर येणार ‘नटसम्राट’. १९७० साली वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक आलं, डॉ. श्रीराम लागूंनी बेलवलकर उभा केला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक तरी पोरगं खांद्यावर शाल टाकून बेलवलकर करतं. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची छाया त्यावर आहे. लिअर राज्य वाटून टाकतो. अप्पासाहेब बेलवलकर काय वाटतात? जन्मभर रंगभूमीवर मिळवलेलं किडूकमिडूक. मुलगा, सून, मुलगी, जावई. म्हणजे राजवाड्यातली गोष्ट शिरवाडकरांनी तुमच्याआमच्या दोन खोल्यांत आणली. बेलवलकर थोडा गप्प बसला असता, मुलांच्या कलानं वागला असता, तर त्याची भाकरी चुकली नसती. पण तो नट आहे. मोठ्यानं बोलणार, नातीला आपल्या पद्धतीनं शिकवणार, मनात येईल ते तोंडावर सांगणार. लेकीच्या घरी चोरीचा आळ येतो, तेव्हा तो आणि त्याची कावेरी रात्रीतून घर सोडतात. पैशापेक्षा त्याला आळ लागला. आपल्यापैकी जे आज साठीच्या आसपास आहेत, त्यांना हे नाटक शाळेत वेगळं वाटलं होतं आणि आज वेगळं वाटेल. तेव्हा आपण मुलाच्या जागी होतो.

पण बेलवलकर निदान नामवंत तरी होता. त्याच्याही खालच्या पायरीवर मराठी कादंबरी उतरली. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० ची. वऱ्हाडातलं एक शिंप्याचं घर. नवरा महादेव कर्तृत्वाला कमी, आणि बायको कौतिक. पोरं शिकावीत, चार पैसे गाठीला राहावेत, घर चिखलातून वर यावं, म्हणून ती बाई कंबर कसते आणि प्रत्येक वेळी परिस्थिती तिला परत ओढते. ही कादंबरी वाचताना आपल्या बोलीची जी ऊब लागते, ती मी पुण्याच्या मित्रांना समजावून सांगू शकलो नाही. कौतिक कोणत्या वंशातली? कोणत्याच नाही. पण ती हार मानत नाही, आणि म्हणून तिचं हरणं मोठं होतं.

आनंद यादवांचा ‘गोतावळा’ १९७१ चा. तो कोल्हापूरकडचा. नायक नारबा, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा गडी. आपण ज्याला सालदार म्हणतो तो. ना घर, ना बायको, ना जमीन. त्याचा गोतावळा म्हणजे मळ्यातली जनावरं. मालक ट्रॅक्टर आणतो आणि एकेक जनावर कमी होत जातं. यात खलनायक कोणी नाही. मालकाचं गणित चुकलेलं नाही, ट्रॅक्टरनं काम लवकर होतं हे खरंच आहे. पण नारबाचं सगळं जग दावणीला बांधलेलं होतं आणि दावणच रिकामी झाली. अॅरिस्टॉटलला कोणी सांगितलं असतं, की बैल विकल्यामुळे शोकांतिका होते, तर त्यानं मान्य केलं नसतं. ज्यांच्या घरची जोडी बाजारात नेताना मायच्या डोळ्यांत पाणी आलेलं आहे, त्यांना मात्र वेगळं सांगावं लागत नाही.

आणि आता आपल्या स्वतःच्या अंगणात. सदानंद देशमुख आपल्याच जिल्ह्यातले, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. घाटावरची कोरडवाहू शेती, तिची बोली, तिचं देणंघेणं त्यांच्या लिखाणात आहे. त्यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. किती जणांनी वाचली, हात वर करा म्हणणार नाही. मास्तरांसमोर कशाला कोणाची पंचाईत?

‘बारोमास’चा नायक एकनाथ. शेतकऱ्याचा पोरगा, एम. ए., बी. एड. झालेला. मास्तर व्हायचं होतं. पण मास्तर व्हायला पदवी पुरत नाही, संस्थेला द्यायला पैसे लागतात, आणि ते त्याच्याजवळ नाहीत. म्हणून तो वडिलांसोबत, सुभानरावांसोबत, वावरात उभा. बायको अलका शिकलेली. नोकरीवाल्याची बायको होण्याचं स्वप्न घेऊन आलेली आणि शेणामातीत अडकलेली. धाकटा भाऊ मधू म्हणतो, जमीन विका, पैसे भरा, निदान मी तरी लागतो नोकरीला. पाऊस लहरी, भाव पडलेला, कर्ज वाढलेलं. घरातलं प्रत्येक माणूस आपापल्या जागी खरं आहे, आणि तरी घर दुभंगत जातं.

एकनाथच्या गोष्टीतला एक काटा मला आज इथं, शाळेच्या आवारात, जास्त टोचतो. शाळेनंच त्याला शिकवलं. पुस्तकाची गोडी लावली, शिकलास तर मोठा होशील असं सांगितलं. त्यानं ते खरं मानलं, मन लावून शिकला. आणि शिकून शाळेच्याच दारात आला, तर आत यायचे पैसे मागितले गेले. फुल्यांचं कुणब्याचं जोडपं १८५५ साली शाळेच्या वाटेला लागून सुटलं होतं. दीडशे वर्षांनी त्याचा वारस शाळेच्याच दारात अडला. ‘तृतीय रत्न’चा शेवट आणि ‘बारोमास’ची सुरुवात शेजारी ठेवून वाचा. मराठी साहित्याच्या इतिहासात याहून मोठी शोकांतिका मला तरी दिसत नाही.

एकनाथ काय धरून आहे? जमीन. शेत विकून मोकळं होण्याची वाट त्याला दिसते. शेत परवडत नाही, हेही तो शिकलेला असल्यामुळे आकड्यात सांगू शकतो. तरी हात सुटत नाही. अॅरिस्टॉटलच्या भाषेत ही त्याची चूक म्हणायची का? व्यवहाराच्या वहीत चूकच आहे. पण सगळ्यांनीच ही चूक दुरुस्त केली, तर उद्या आपल्या ताटात काय येईल, हा प्रश्न तो आपल्या अंगाला चिकटवून ठेवतो. मी मघाशी सांगितलेल्या दोन्ही खुणा इथं पटतात.

आता त्या यादीकडे येतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांची नावं देशभर झाली, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, वर्धा यांच्या सोबत आपला बुलडाणाही होता. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले आणि या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं. राज्य सरकारची एक लाख रुपयांच्या मदतीची योजना त्याच सुमाराची. ती मदत मिळण्याआधी चौकशी होते. जमीन घरातल्या कोणाच्या नावावर आहे का? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं? थकलं होतं का? वसुलीचा तगादा होता का? मग जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढं प्रकरण जातं आणि शेरा पडतो, पात्र किंवा अपात्र. ज्यानं नातलगाकडून हातउसने घेतले, ज्यानं दुसऱ्याचं वावर बटईनं केलं, जिच्या नावावर सातबारा नव्हता पण जिचं आयुष्य त्या वावरात गेलं, ती माणसं या चाळणीतून सहज खाली पडतात.

कचेरीतल्या माणसांना दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. सरकारी पैसा द्यायचा तर नियम लागतो, आणि नियमाला रकाने लागतात. इथं बसलेल्यांपैकी काहींनी महसूल खात्यात नोकरी केली आहे. असा शेरा लिहिताना हात जड झालेलेही असतील त्यांत. माझं म्हणणं एवढंच, की रकान्यात जे मावत नाही, ते ठेवायला समाजाजवळ दुसरं काहीतरी भांडं पाहिजे. यादी विचारते, कर्ज किती होतं. कादंबरी विचारते, तो कोण होता, त्याला कशाची आवड होती, त्यानं काय सोडायचं नाकारलं, आणि तेव्हा आपण कुठं होतो. यादीत तो अपात्र ठरू शकतो. गोष्टीत मात्र कोणीच अपात्र नसतो.

एक गोष्ट मात्र ठासून सांगितली पाहिजे, विशेषतः इथं आलेल्या तरुण मुलांसाठी. शोकांतिका म्हणजे मरण नव्हे. मरण आलं म्हणून कोणी नायक होत नाही आणि नायक होण्यासाठी कोणी मरावं लागत नाही. विली लोमनचा तो हिशेब चुकलेला होता. जिवंत माणसापेक्षा रक्कम मोठी कधीच नसते, हे नाटक बघणाऱ्या प्रत्येकाला कळतं, फक्त विलीला कळत नाही. वेळेवर कोणी तरी शेजारी बसून ते त्याला सांगायला पाहिजे होतं. फुल्यांनी, ताराबाईंनी, देशमुखांनी दुःख मांडलं ते माणसं जगावीत म्हणून. तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यात असा हिशेब येत असेल, तर तो एकट्यानं सोडवू नका. या सभागृहातल्या कोणालाही हाक मारा.

आणि या सभागृहात जे नाहीत, त्यांच्याविषयी शेवटी बोलतो. या मेळाव्यासाठी आम्ही चार-पाच जणांनी जुने नंबर शोधून फोन केले. आपल्या वर्गातला एक मित्र, नाव सांगत नाही, पण गणिताचं उत्तर फळ्यावरचं उदाहरण पुरं व्हायच्या आत सांगणारा, एवढं म्हटलं की वर्गातल्यांना कळेल. फोनवर गोड बोलला, सगळ्यांची विचारपूस केली. ये म्हटलं, तर म्हणाला, “तुम्ही सारे साहेब झाले गड्या. मी येऊन कोणाले काय सांगू? वावर पाह्यतो, ते सांगू?”

हा मित्र शिकला असता तर काय झाला असता, ते आमच्या सरांना विचारा. बारावीनंतर त्याचे वडील गेले. धाकटे दोन भाऊ शिकत होते. त्यानं वह्या बांधून ठेवल्या आणि औत हाकलं. कोणी सांगितलं नव्हतं, त्यानं ठरवलं. दोन्ही भाऊ आज नोकरीत आहेत, बाहेरगावी आहेत. बहिणीच्या लग्नात काही जमीन गेली. उरली आहे ती वडिलांनी खणलेल्या विहिरीजवळची, आणि ती तो विकत नाही. मिलरच्या पट्टीनं मोजा, देशमुखांच्या पट्टीनं मोजा. आज इथं सत्कार झालेल्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्याची उंची कमी भरणार नाही. आणि तोच म्हणतो, मी काय सांगू?

त्याला असं का वाटलं, याचा विचार आपण केला पाहिजे. स्नेहमेळाव्याच्या पत्रिकेवर, बॅनरवर, या भाषणांत आपण कोणाची नावं घेतली? साहेबांची, डॉक्टरांची, प्राध्यापकांची, परदेशी गेलेल्यांची. त्यात काही वाईट नाही, त्यांनीही कष्ट केले. पण नकळत आपणही एक यादी लावली आणि काही जणांनी ती दुरून वाचून आपण अपात्र असल्याचं ठरवून टाकलं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, शाळेच्या ग्रंथालयासाठी. ‘तृतीय रत्न’, ‘स्त्री-पुरुष तुलना’, ‘धग’, ‘गोतावळा’ आणि ‘बारोमास’ या पाच पुस्तकांच्या दोन-दोन प्रती मी देतो. त्या कपाटात कुलूपबंद न ठेवता नववी-दहावीच्या मुलांच्या हातात जाव्यात. आपल्या बोलीत, आपल्या मातीतल्या माणसांवर पुस्तकं आहेत, हे त्यांना वेळेवर कळू द्या.

दुसरी विनंती संपादक मंडळाला. या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांचा परिचय छापायचा आहे, त्याचा फॉर्म मी पाहिला. नाव, शिक्षण, हुद्दा, पत्ता, मोबाईल. त्यात हुद्द्याच्या खाली आणखी एक ओळ वाढवा: ‘इतक्या वर्षांत काय सोडलं नाही?’ ज्याला जे लिहायचं ते लिहू द्या. कोणी लिहील, पहाटेचं भजन. कोणी लिहील, म्हातारी आई. कोणी लिहील, विहिरीजवळचं वावर. जे आले नाहीत, त्यांच्याकडे तो कोरा फॉर्म घेऊन आपण जायचं. फोनवर नाही, त्यांच्या घरी, नाहीतर धुऱ्यावर बसून. मी उद्या सकाळी निघतोय. गाडीत तीन जागा आहेत. कोणाला यायचं असेल त्यांनी जेवणाच्या वेळी सांगावं.